साखळी उपाहारगृहे, खानावळी आणि संकटकाळचे सरकारी कर्ज : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आर्थिक संकटात उपाहारगृहांना द्यावयाच्या सरकारी हमीच्या कर्जाची पात्रता

महोदया,

२३ जुलै २०२४ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात आपण एक घोषणा केली होती. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग त्यांच्या हाताबाहेरच्या कारणांनी अडचणीत आले, तर त्यांचा बँकेचा पतपुरवठा तुटू नये यासाठी सरकारी निधीच्या हमीवर चालणारी नवी यंत्रणा उभी केली जाईल, असे त्या घोषणेचे स्वरूप होते. अशी यंत्रणा संकट नसताना आखली जावी हे योग्यच आहे, कारण संकट दाराशी आल्यावर घाईने लिहिलेल्या योजनांचे काय होते याचा भरपूर पुरावा महामारीच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जमा झाला आहे. त्या पुराव्यातील उपाहारगृहांपुरता भाग, म्हणजे अमेरिकेतील साखळी उपाहारगृहांना मिळालेली कर्जे आणि भारतातील खानावळींना न मिळालेली कर्जे, हा या पत्राचा विषय आहे.

एकाच नावाने, एकाच खाद्यसूचीवर आणि एकाच खरेदी-व्यवस्थेच्या आधाराने अनेक ठिकाणी चालणारा धंदा म्हणजे साखळी उपाहारगृह. त्याच्या शाखा कधी मूळ कंपनीच्या मालकीच्या असतात, तर कधी फ्रँचायझीच्या, म्हणजे ठरावीक स्वामित्वशुल्क भरून ते नाव वापरणाऱ्या स्थानिक मालकाच्या असतात. हा फरक वरवर तांत्रिक वाटला तरी मदतीचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो हे त्यावरून ठरते, म्हणून तो येथे आधीच नोंदवणे आवश्यक आहे.

अमेरिकेत २७ मार्च २०२० रोजी अंमलात आलेल्या केअर्स कायद्याने ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम’ ही कामगारांचे पगार चालू ठेवण्यासाठीची कर्जयोजना निर्माण केली आणि तिच्यासाठी ३४,९०० कोटी डॉलर बाजूला काढले. धंद्याच्या सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीचपट, परंतु एक कोटी डॉलरच्या आत, इतके कर्ज बँकेने द्यावयाचे होते. त्यावर व्याज एक टक्का आणि हमी सरकारची होती, आणि त्या रकमेचा बहुतांश भाग ठरलेल्या मुदतीत पगारावर खर्च झाल्यास कर्ज माफ होणार होते. महिन्याला चार लाख डॉलर पगार वाटणाऱ्या उपाहारगृहाला या हिशेबाने दहा लाख डॉलर मिळत आणि अटी पाळल्यास त्यातले काहीच परत करावे लागत नसे. म्हणजे कागदावर कर्ज असले तरी व्यवहार अनुदानाचा होता. असा पैसा कोणाला द्यावा, हा प्रश्न म्हणूनच साध्या कर्जापेक्षा अधिक कडक कसोटी मागत होता.

प्रत्यक्षात कसोटी सैल झाली, आणि ती नेमकी उपाहारगृहांसाठी सैल झाली. सर्वसाधारण नियम पाचशे कामगारांपर्यंतच्या धंद्यांचा होता आणि ती मोजणी करताना संलग्नतेचा नियम, म्हणजे एका मालकीखालच्या सर्व शाखांतील आणि उपकंपन्यांतील माणसे एकत्र धरण्याचा नियम, लागू होत असे. निवास आणि खाद्यसेवा या क्षेत्राला मात्र कायद्याने दोन सवलती दिल्या : पाचशेची मर्यादा प्रत्येक ठिकाणापुरती मोजावी आणि संलग्नता पाहूच नये. एका ठिकाणच्या उपाहारगृहात पाचशे माणसे सहसा नसतातच, त्यामुळे शाखा कितीही असोत, साखळ्यांसाठी ही मर्यादा जवळपास उरली नाही.

३ एप्रिल रोजी अर्ज सुरू झाले आणि १६ एप्रिलला पैसा संपला. त्या तेरा दिवसांत कर्ज मिळालेल्यांत शेक शॅक या बर्गर-साखळीचे नाव होते. अमेरिकेत तिच्या १८९ शाखा आणि सुमारे आठ हजार कामगार होते आणि तिला एक कोटी डॉलर मिळाले होते. रूथ्स ख्रिस स्टेक हाउस चालवणाऱ्या कंपनीने दोन उपकंपन्यांच्या नावे अर्ज करून दोन कोटी डॉलर उचलले होते आणि पॉटबेली या सँडविच-साखळीला एक कोटी मिळाले होते. या तिन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या. त्यांनी कायदा मोडला नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कायद्याने जे दार उघडे ठेवले होते त्यातूनच त्या आत गेल्या होत्या.

छोट्या धंद्यांना तेवढ्या वेळात आत का जाता आले नाही, याचे उत्तर बँकेच्या काउंटरवर सापडते. कर्ज मंजूर करण्याबद्दल सरकार बँकेला शुल्क देत होते : साडेतीन लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर पाच टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत तीन टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जावर एक टक्का. टक्केवारी छोट्या कर्जाच्या बाजूने झुकलेली दिसते, पण वीस हजार डॉलरच्या कर्जावर बँकेला एक हजार मिळत होते आणि एक कोटीच्या कर्जावर एक लाख, आणि दोन्ही अर्ज तपासायला लागणाऱ्या श्रमांत शंभरपटीचा फरक नव्हता. शिवाय ‘आधी येईल त्याला आधी’ हे तत्त्व असल्याने ज्याच्याकडे पगारपत्रके तयार होती, हिशेबनीस होता आणि बँकेत ओळखीचा अधिकारी होता, तो रांगेत आपोआप पुढे उभा राहिला. रांग सर्वांना समान वाटते. परंतु रांगेत उभे राहण्याआधीची तयारी समान नसते आणि योजनाकारांनी ती गृहीत धरली होती.

यानंतर जे घडले ते बोधप्रद आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मोठी कर्जे नियामकाकडे जाहीर करावी लागतात म्हणून ही नावे लोकांना कळली, गदारोळ झाला आणि शेक शॅकने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपूर्ण रक्कम परत करत असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास या कंपनीने नवे समभाग विकून सुमारे पंधरा कोटी डॉलर उभे केले होते, म्हणजे सरकारी कर्जाच्या पंधरापट भांडवल तिला बाजारातून काही दिवसांत मिळाले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमधील हॉट डॉगच्या एका गाड्यापासून सुरू झालेल्या या धंद्यासाठी वीस वर्षांत भांडवलाची सगळी दारे उघडली होती; २००१ सालच्या त्या गाड्यासारखा दुसरा एखादा गाडा २०२० मध्ये उभा असता, तर त्याच्यासाठी सरकारी कर्जाखेरीज एकही दार नव्हते. रूथ्स ख्रिस आणि पॉटबेली यांनीही पैसे परत केले. २३ एप्रिलला अमेरिकेच्या अर्थखात्याने खुलासा काढला की भांडवल बाजारात सहज जाऊ शकणाऱ्या नोंदणीकृत कंपनीला ‘हे कर्ज आवश्यक आहे’ असे प्रतिज्ञापूर्वक लिहून देणे अवघड ठरेल, आणि ज्यांना पैसे परत करायचे आहेत त्यांना मुदतही दिली.

‘आवश्यकता’ हा शब्द मूळ अर्जात होताच. त्याचा अर्थ पैसा संपल्यानंतर आठवड्याने सांगितला गेला. योजनेचा खरा दोष येथे आहे. कामगारांची संख्या हा धंद्याच्या आकाराचा निकष आहे, तर दुसरीकडून पैसा मिळण्याची शक्यता हा गरजेचा निकष आहे, आणि संकटातल्या सार्वजनिक पैशासाठी दुसरा निकष अधिक महत्त्वाचा ठरतो. डिसेंबर २०२० च्या कायद्याने पुढील फेरीतून नोंदणीकृत कंपन्यांना वगळले, उत्पन्नात किमान पंचवीस टक्के घट दाखवण्याची अट घातली आणि उपाहारगृहांसाठी कर्जाचे प्रमाण मासिक पगाराच्या साडेतीनपट केले. मार्च २०२१ मध्ये तर उपाहारगृहांसाठी २,८६० कोटी डॉलरचा स्वतंत्र अनुदान-निधीच निघाला आणि त्यातून नोंदणीकृत कंपन्या व वीसपेक्षा अधिक शाखांचे मालक बाहेर ठेवले गेले. निकष अखेर जागेवर आला, पण तोवर पैसा आटला होता : २.७८ लाख उपाहारगृहांनी मिळून ७,२२० कोटी डॉलर मागितले आणि अनुदान सुमारे एक लाखांना मिळाले. उरलेल्यांसाठी आणखी निधी देण्याचे विधेयक मे २०२२ मध्ये सेनेटमध्ये अडकले. पहिल्या फेरीत सैल निकष आणि शेवटच्या फेरीत अपुरा निधी, असा हा उलटा क्रम होता.

साखळ्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. साखळीच्या शाखेत भांडी घासणाऱ्या माणसाची नोकरी जाते तेव्हा त्याच्या मालकाचे समभाग कोणत्या भावाने विकले जातात याच्याशी त्याच्या घरच्या चुलीचा काही संबंध नसतो. मग त्याला मदत का नाकारावी? उत्तर असे की त्याला मदत नाकारण्याचे कारणच नाही, पण ती मालकाच्या कर्जखात्यातून वळवून नेण्याची गरजही नाही. जर्मनीत कामाचे तास कमी झालेल्या कामगाराला बुडालेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, आणि मुले असल्यास ६७ टक्के, भरपाई देण्याची जुनी व्यवस्था होती. ब्रिटनने २०२० मध्ये घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, उचलला. उलट अमेरिकी योजनेत एकूण सुमारे ८०,००० कोटी डॉलर वाटले गेले आणि अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजानुसार त्यातला केवळ २३ ते ३४ टक्के पैसा एरवी नोकरी गमावली असती अशा कामगारांपर्यंत पोहोचला.

आता आपल्या देशाकडे. १३ मे २०२० रोजी आपण जाहीर केलेल्या तीन लाख कोटी रुपयांच्या आपत्कालीन पतहमी योजनेत बँकेने दिलेल्या वाढीव कर्जाची शंभर टक्के हमी सरकारी न्यास-कंपनीने घेतली होती. भारतीय स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये मांडल्याप्रमाणे या योजनेमुळे साडेतेरा लाख खाती बुडीत होण्यापासून वाचली आणि त्यांतील ९३ टक्क्यांहून अधिक खाती सूक्ष्म व लघू उद्योगांची होती. हे श्रेय योजनेला दिले पाहिजे. तथापि वाचलेले खाते मोजण्यासाठी आधी खाते असावे लागते, आणि योजनेची मर्यादा याच ठिकाणी सुरू होते.

वाढीव कर्ज ठरत होते ते २९ फेब्रुवारी २०२० रोजीच्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्के. ज्याच्या डोक्यावर दहा लाखांचे कर्ज होते त्याला दोन लाख मिळाले. ज्याने कर्जच काढले नव्हते त्याला शून्याच्या वीस टक्के मिळाले. मार्च २०२१ मध्ये आतिथ्य, प्रवास आणि पर्यटन या क्षेत्रांसाठी योजनेचा तिसरा भाग निघाला तेव्हा प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेले, परतफेडीची मुदत सहा वर्षे झाली आणि त्यातील पहिली दोन वर्षे मुद्दल फेडण्यापासून सवलत मिळाली. मे अखेरीस पाचशे कोटींच्या एकूण कर्जाची कमाल मर्यादाही काढण्यात आली आणि वाढीव कर्ज चाळीस टक्के किंवा दोनशे कोटी रुपये यांपैकी कमी असेल तेवढे ठरले. पाचशे कोटींचे कर्ज असलेल्या हॉटेल-कंपनीला या सूत्राने दोनशे कोटी मिळू शकत होते. सूत्र तेच ठेवले, तर शून्याचे चाळीस टक्केही शून्यच.

हे शून्य कोणाच्या वाट्याला आले ते पाहण्यासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतील किंवा कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यार्थ्यांच्या मेसचा हिशेब डोळ्यांसमोर आणावा. मेंबर महिन्याचे पैसे आगाऊ देतात आणि त्याच पैशातून किराणा भरला जातो. सलग काही दिवस न जेवल्यास खाडा धरून पुढच्या महिन्यात वजावट मिळते. मार्च २०२० मध्ये परीक्षा लांबल्या आणि विद्यार्थी गावी गेले, तेव्हा या मेसचे पुढच्या महिन्याचे भांडवल एका आठवड्यात नाहीसे झाले आणि भरलेल्या पैशांचा खाडा मात्र देणे राहिला. अकरा महिन्यांच्या करारावरचे भाडे, पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांचा पगार, वाण्याची उधारी आणि व्यावसायिक सिलिंडरचे पैसे ही देणी उरली. अशी मेस चालवणाऱ्याची कर्जे असलीच तर ती पतसंस्थेची, सोनेतारणाची किंवा भिशीची असतात, आणि त्यांपैकी काहीही योजनेच्या हिशेबात धरले जात नव्हते. हातगाडीवाल्यासाठी जून २०२० मध्ये स्वनिधी योजनेतून दहा हजार रुपयांचे खेळते भांडवल आले. मेसवाला मात्र ना फेरीवाला होता, ना बँकेचा जुना ऋणको. मुद्रा कर्जाचे दार नियमाने उघडे होते, पण ज्याचा गल्ला महिनोन्महिने रिकामा आहे अशा नव्या अर्जदाराला कोणता शाखाधिकारी आपल्या सहीने कर्ज देईल?

उपाहारगृहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कर्ज या उपायाच्याच विरोधात जाते. लांबलेली मोटारखरेदी पुढे कधीतरी होते, पण चुकलेले जेवण नंतर कोणी दोनदा जेवत नाही. महाराष्ट्रात उपाहारगृहांत बसून खाण्यावर मार्च २०२० पासून ५ ऑक्टोबरपर्यंत बंदी होती आणि एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा आली. त्या महिन्यांची विक्री कायमची बुडाली, आणि बुडालेल्या विक्रीच्या बदल्यात दिलेले कर्ज पुढच्या विक्रीतून फेडायचे होते. साखळीला हे झेपते, कारण बंद पडलेल्या शाखेचा तोटा चालू शाखा सोसते आणि घरपोच सेवेचा जम आधीच बसलेला असतो. एकाच खोलीत बारा टेबले मांडणाऱ्याला ते झेपत नाही. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात आपणच मान्य केले होते की आतिथ्य-सेवा, विशेषतः सूक्ष्म आणि लघू उद्योगांच्या, महामारीपूर्व पातळीवर अद्याप आलेल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी हमीची रक्कम पन्नास हजार कोटींनी वाढवली होती. मंत्रिमंडळाची त्याला मंजुरी १७ ऑगस्ट २०२२ रोजी मिळाली. निदान अचूक होते. औषध साडेसहा महिन्यांनी निघाले आणि तेही जुन्या कर्जाच्या प्रमाणातच द्यावयाचे होते.

म्हणून नव्या यंत्रणेत पात्रतेची पहिली अट कर्जदाराच्या इतर वाटांविषयी असावी. शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा मोठ्या गुंतवणूक-निधीचे भांडवल असलेल्या साखळीला सरकारी हमी हवी असेल, तर तिने बाजारातून आणि स्वतःच्या भागधारकांकडून पैसा उभारण्याचा प्रयत्न केल्याचे आधी दाखवावे, आणि मोजणी शाखेची न होता मालकीची व्हावी. फ्रँचायझीचा मालक बहुधा स्थानिक आणि कर्जबाजारी असतो, म्हणून त्याला सरसकट वगळणे अन्यायाचे होईल. मात्र त्याच्या कर्जाच्या काळात मूळ कंपनीने स्वामित्वशुल्क स्थगित ठेवावे, अन्यथा करदात्याच्या हमीवरचा पैसा एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने ब्रँडच्या मालकाकडे जाईल.

दुसरी गोष्ट, कर्जाचा पाया जुने कर्ज नसून उलाढाल असावी. खानावळीकडे ताळेबंद नसला तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, विजेचे बिल आणि यूपीआयने आलेल्या पैशांचा वर्षभराचा उतारा बहुधा असतो, आणि तिच्या मासिक विक्रीचा अंदाज बांधायला तेवढे पुरते. २०२४ च्याच अर्थसंकल्पात सरकारी बँकांनी अशा डिजिटल खुणांवरून पत ठरवण्याची पद्धत विकसित करावी असे आपण म्हटले होते. ती पद्धत नेहमीच्या दिवसांसाठी आहे, तिला संकटकाळच्या हमीशी जोडणे एवढेच उरते. निधीचा ठरावीक हिस्सा पाच लाखांच्या आतील कर्जांसाठी राखीव ठेवला आणि तो रांगेच्या क्रमाने न वाटता जिल्हानिहाय वाटला, तर बँकेच्या ओळखीचा फायदा बराचसा संपेल. कर्जातून दिलेल्या पगाराएवढी रक्कम माफ करावी, परंतु ती माफी सर्वांत छोट्या गटापुरतीच असावी, कारण मोठ्यांना माफी देण्याचा खर्च अमेरिकेने दाखवून दिला आहे.

आणि नावे जाहीर व्हावीत. अमेरिकी प्रशासनाने प्रथम कर्जदारांची नावे देण्याचे टाळले, जुलै २०२० मध्ये दीड लाख डॉलरवरील कर्जांची नावे दिली आणि संपूर्ण यादी डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतरच बाहेर आली. साखळ्यांनी एप्रिलमध्ये पैसे परत केले ते केवळ शेअर बाजाराच्या नियमांमुळे नावे आधीच फुटली होती म्हणून. भारतात एक कोटी रुपयांवरील प्रत्येक हमी-कर्जाची यादी मंजुरीपासून महिन्याभरात प्रसिद्ध करण्याची तरतूद योजनेच्या मूळ मसुद्यातच असावी.

हा मसुदा पुढचे संकट येण्याआधी हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि त्यावर चर्चा करताना हॉटेल-कंपन्यांच्या व मोठ्या उपाहारगृहांच्या संघटनांबरोबरच खानावळ, मेस आणि पोळीभाजी केंद्रे चालवणाऱ्यांनाही मंत्रालयाने बैठकीला बोलवावे, ही विनंती.